बदकाच्या नावावर एक-चौदाचा उतारा

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या गावच्या तळ्याला लागून जी वायंगणाची (म्हणजे पाऊस सरल्यावर घेतात त्या भाताची) शेतं आहेत ना, त्यातल्या एका कोपऱ्यात शनिवारच्या रात्री माती येऊन पडली. किती ट्रक ते कुणी मोजले नाहीत, पण सकाळी जाऊन बघतो तर चिऱ्यांचा चुरा, फुटक्या टाइल्स, कुणाच्या तरी जुन्या बाथरूममधलं निळं बेसिन, असं सगळं मिळून चांगला मोठा भराव, आणि त्या बेसिनच्या काठावर एक तुतवार शेपूट खालीवर करत उभा. तुतवार म्हणजे तो छोटा तपकिरी पक्षी, पाण्याकाठी एकटाच असतो आणि उभ्या जागी सतत डुलत असतो, बघितला असणार सगळ्यांनी पण नाव माहीत नसतं.

मी फोटो काढले, घरी येऊन तक्रार टाइप केली, आणि जरा जास्तच जोशात लिहिलं की सदर जागा स्थलांतरित पक्ष्यांची पाणथळ जागा असून भारताने यासंबंधी आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या केलेल्या आहेत. ऑफिस कुठलं ते सोडा. तिथल्या साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ही वेटलँड नाही हो, हे शेत. मी म्हटलं साहेब पाणी आहे, पक्षी आहेत. तर म्हणे पाणी असलं म्हणून काय झालं, एक-चौदा काढा आणि बघा, त्यावर भात लिहिलंय. (एक-चौदा म्हणजे आमच्या गोव्याचा सातबारा, पलीकडच्या वाचकांसाठी सांगतो.)

तेव्हा डोकं तापलं होतं. मग दोन दिवस बसून नियम वाचले आणि कळलं की साहेब बरोबर होते, कायद्याने ती वेटलँड नाहीच. माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच आहे. आपण जगासमोर पक्ष्यांसाठी जेवढी जागा कबूल केली तेवढी घरात येईपर्यंत आपणच छाटून टाकली, आणि छाटलेला भाग नेमका तोच जिथे गोव्यात पक्षी खरोखर उतरतात.

आता नीट सांगतो. इराणमधलं रामसर गाव, २ फेब्रुवारी १९७१, तिथे पाणथळ जागांचा करार झाला. त्याच्या पूर्ण नावातच 'विशेषतः पाणपक्ष्यांचा अधिवास म्हणून' असे शब्द आहेत, म्हणजे सुरुवातच बदकांपासून झालीय. भारत त्यात १९८२ ला गेला. त्या करारातली व्याख्या एकदम ऐसपैस आहे, दलदल असो की पाणी, नैसर्गिक असो की माणसाने केलेलं, कायमचं असो की चार महिन्यांचं, गोडं, मचूळ, खारं, ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा खोल नसलेला समुद्रसुद्धा. ह्यात आमचं तळं बसतं, शेत बसतं, मानशीच्या (म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दाराच्या) मागचा चिखल पण बसतो.

आणि आपले २०१७ चे वेटलँडचे नियम बघा. व्याख्येची पहिली अर्धी ओळ रामसरमधून जशीच्या तशी उचललीय, नैसर्गिक किंवा कृत्रिम, गोडं किंवा खारं, सगळं आहे, आणि मग येतं 'परंतु यात समाविष्ट नाही'. काय समाविष्ट नाही? नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले तलाव, आणि मत्स्यपालन, मीठ, करमणूक आणि सिंचन यासाठी मुद्दाम केलेली बांधकामं.

ही यादी खिशात घालून एकदा गोव्यात फिरून या. खाजन शेती म्हणजे काय, तर खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, मानशीतून आत-बाहेर सोडायचं, पावसात भात आणि उरलेला वेळ मासळी. म्हणजे भातशेती अधिक मत्स्यपालन, दोन्ही वगळलेलं. आगरवाड्याची मिठागरं, नेरूलची मिठागरं, जिथे हिवाळ्यात चिखल्या आणि शेकाट्या पावलोपावली दिसायच्या, ती मीठ म्हणून वगळली. गावोगावची तळी तर आपल्या पूर्वजांनी बांध घालून केलेली, पाऊस संपत आला की पाणी अडवायचं आणि खालच्या शेतांना वायंगणाला द्यायचं, म्हणजे सिंचन, तेही गेलं. नदीचं पात्र गेलं. आता उरलं काय? आपल्या इथे माणसाचा हात न लागलेलं पाणी शोधायला गेलात तर पावसातला धबधबा सापडेल, आणि तिथे बदकं जात नाहीत.

नंदा तळं आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. कुडचड्याजवळचं हे तळं ऑगस्ट २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, क्षेत्रफळ साधारण ४२ हेक्टर. रामसर यादीत गेलं की २०१७ चे नियम आपोआप लागू. पण नंदाची माहिती वाचलीत तर त्यातच लिहिलंय की पाऊस सरल्यावर लोक इथे पाणी साठवतात आणि त्यावर खालच्या बाजूला भात पिकतं, म्हणजे ज्या कामामुळे हे तळं तळं राहिलं ते काम शेतीचंच आहे. आणि गंमत म्हणजे बदकं दिवसा तळ्यात झोपा काढतात आणि रात्री चरायला आजूबाजूच्या भातशेतात जातात. तलवार बदक काय, भुवई बदक काय, आपली इथलीच अडई काय, सगळ्यांची हीच तऱ्हा. मग बेडरूमला संरक्षण आणि स्वयंपाकघर वाऱ्यावर, असा हा हिशोब.

मला वाटायचं हा आपल्याकडचाच कारकुनी घोळ. पण थोडं मागे जाऊन वाचलं तर पक्ष्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कायद्याला ही खोड जन्मापासून आहे. १९०२ साली पॅरिसमध्ये बारा युरोपियन देशांनी सही केलेला करार होता, शेतीला उपयोगी पक्ष्यांच्या रक्षणासाठी, आणि त्या बारात आमचा तेव्हाचा मालक पोर्तुगालही होता. उपयोगी पक्षी कोण तर किडे खाणारे. दुसरी यादी अपायकारक पक्ष्यांची, त्यात गरुड, बगळे, पेलिकन. म्हणजे तुमची कीड खाल्ली तर जगा, तुमचा मासा खाल्ला तर मरा. आज वाचायला विनोदी वाटतं पण मासळीच्या तळ्यावर जाळी लावणाऱ्या माणसाशी बोलून बघा, १९०२ अजून संपलेलं नाही.

मग १९१६ ला अमेरिका आणि ब्रिटन (कॅनडाच्या वतीने) यांचा स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला आणि त्यावरून जो खटला झाला तो मला फार आवडतो. मिझुरी नावाच्या राज्याने म्हटलं की आमच्या हद्दीतले पक्षी आमचे, केंद्र सरकारच्या वॉर्डनने इथे येऊन आमच्या शिकाऱ्यांना अडवायचं नाही. १९२० साली सुप्रीम कोर्टात जस्टिस होम्स यांनी निकाल लिहिला, त्याचा भावार्थ असा की बाबांनो हे पक्षी काल तुमच्याकडे नव्हते, उद्या दुसऱ्या राज्यात असतील आणि आठवड्याभरात हजार मैलांवर, तुमचा मालकी हक्क कसला घेऊन बसलात. करार पाळण्यासाठी केंद्राला राज्याच्या अधिकारात शिरता येतं हे त्यातून ठरलं. आपल्या राज्यघटनेत हेच काम कलम २५३ करतं, आंतरराष्ट्रीय करार अमलात आणायचा असेल तर संसद राज्यांच्या यादीतल्या विषयावरही कायदा करू शकते. पाणी राज्याचा विषय, जमीन राज्याचा विषय, आमच्या हातात काही नाही, असं दिल्लीहून जे सांगितलं जातं ते म्हणून मला तितकंसं पटत नाही. हात आहे, वापरायचा नाहीये.

आता मुख्य करार. स्थलांतरित वन्य प्रजातींचा करार, जर्मनीतल्या बॉनमध्ये १९७९ ला झाला, १९८३ ला लागू झाला आणि भारत त्याच वर्षी सदस्य झाला. त्याचं तिसरं कलम कधीतरी शांतपणे वाचा, फार काही शिकवतं. धोक्यात आलेल्या प्रजाती पहिल्या परिशिष्टात असतात. त्यांना मारायला, पकडायला सदस्य देशांनी बंदी घालायचीच, तिथे भाषा कडक, अपवाद मोजके. पण त्यांची राहायची जागा वाचवायची म्हटली की भाषा लगेच मऊ होते, 'प्रयत्न करतील', आणि जागा पूर्ववत करायची ती 'जिथे शक्य आणि योग्य असेल तिथे'. बंदुकीला 'करू नका' आणि बुलडोझरला 'बघा जरा जमतंय का'.

आपला वन्यजीव संरक्षण कायदा त्याच मुशीतला. तळ्यावर कुणी छर्‍याच्या बंदुकीने बदक पाडलं तर गुन्हा, आणि तो असायलाच पाहिजे. पण त्याच बदकाच्या चरायच्या शेतावर रात्री ट्रक उलटे केले तर बदकाच्या नावाने कुठलीच केस होत नाही. माझी तक्रार शेवटी पुढे सरकली ती कशाखाली, तर सखल जमिनीत परवानगीशिवाय भराव घालू नये असं एक कलम आहे त्याखाली. त्या कलमात पक्षी हा शब्दच नाही. मी जोडलेले तुतवाराचे फोटो साहेबांनी अलगद बाजूला काढून परत दिले, म्हणाले हे फाईलला नको, उगीच जाड होते.

२०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात मोठी दुरुस्ती झाली तेव्हा एक संधी होती. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा जो साइट्स करार आहे त्याच्यासाठी कायद्यात अख्खा नवीन भाग घातला, परिशिष्ट घातलं, अधिकारी नेमायची सोय केली. चांगलं केलं. पण स्थलांतरितांच्या बॉन करारासाठी तसा वेगळा भाग काही घातला नाही. ह्याच कराराची तेरावी परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये आपण गांधीनगरला भरवली होती, पाहुण्यांना 'अतिथी देवो भव' म्हणून झालं होतं. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणजे सायबेरियापासून मालदीवपर्यंतचा पट्टा, तीस देश त्यात येतात, त्याचा राष्ट्रीय कृती आराखडा आपण २०१८ मध्येच काढला होता, आणि २०२४ ला समरकंदच्या परिषदेत ह्या मार्गासाठीचा उपक्रम मंजूर होऊन समन्वयाचं काम भारताने अंगावर घेतलं. म्हणजे तीस देशांना एकत्र बांधायला निघालेलो आपण, आणि पंचायतीतल्या साहेबाला शेत आणि वेटलँड एकत्र दिसत नाही.

आणि तीस देश म्हटलं तरी त्यातही भोकं आहेत. रशिया बॉन करारात नाही. चीनही नाही. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी पक्ष्यांची अंडी रशियात फुटतात, म्हणून १९८४ चा भारत-सोव्हिएत पक्षी करार महत्त्वाचा, तो कुणी लक्षातच ठेवत नाही. पण त्याच काळात सायबेरियन क्रौंच हळूहळू आपल्याकडे यायचे थांबले. भरतपूरला शेवटचे २००२ मध्ये दिसले. त्यांच्यासाठी १९९३ ला वेगळा सामंजस्य करारसुद्धा झाला होता. वाटेत शिकार, वाटेत आटलेली पाणथळ, साखळीतली एक कडी गेली की इकडे भरतपुरात कितीही पाणी सोडा, येणार कोण?

ह्या उलट अमूर ससाण्याची गोष्ट. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी २०१२ ला जाळी लावून हजारोंनी पकडले जातायत हे व्हिडिओ बाहेर आले, जगभर बोंब झाली, आणि २०१३ ला पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार बंद केली ती एकाच सीझनमध्ये. मग तीन ससाण्यांना सॅटेलाइट टॅग लावले, नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती, आणि ते पक्षी भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेकडे गेले. ही गोष्ट प्रत्येक भाषणात येते, आणि मीही सांगतोय. पण ती इतक्या लवकर कशी सुटली हे कुणी विचारत नाही. प्रश्न जाळ्यांचा होता. जाळी काढली की संपलं. शिवाय निर्णय गावसभेत झाला, दिल्लीत नाही.

जागेचा प्रश्न असा सुटत नाही. कोरियात सेमांगुम नावाच्या खाडीवर ३३ किलोमीटरची समुद्रभिंत घातली, २००६ ला ती पुरी झाली, आतला चिखल सुकला आणि तिथे थांबून चरणाऱ्या ग्रेट नॉट नावाच्या किनारपक्ष्यांची संख्या धाडकन कोसळली. कुणीही बंदूक उचलली नव्हती. कोरियाने रामसर करारावर सही केलेली होती.

आणि माळढोकाचं प्रकरण तर वकिलांनी रोज वाचावं असं. गांधीनगरच्या परिषदेत माळढोक बॉन कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला, २०२१ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थान-गुजरातमधल्या मोठ्या पट्ट्यात विजेच्या तारा जमिनीखाली न्या म्हणून सांगितलं, कारण माळढोकाला समोरची तार नीट दिसत नाही आणि तो आपटून मरतो. मग सरकार म्हणालं की सौरऊर्जा अडते, हवामान करारात दिलेला आमचा शब्द अडतो. मार्च २०२४ ला कोर्टाने आधीचा सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. म्हणजे एका आंतरराष्ट्रीय वचनाला दुसऱ्या आंतरराष्ट्रीय वचनाने अडवलं. मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही, माझ्या घरावर पॅनल आहेत. पण दोन वचनांची टक्कर झाली तेव्हा मागे कुठलं सरलं ते बघा, ज्याच्या मागे कंपन्या, टेंडरं आणि मेगावॉट होते ते नव्हे.

पाकिस्तानातही तसंच. हौबाराच्या (माळढोकाच्या जातकुळीतला पक्षी) शिकारीवर तिथल्या सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१५ ला पूर्ण बंदी घातली आणि जानेवारी २०१६ ला मोठ्या पीठाने ती उठवली. आखातातल्या शेखांना परवाने द्यायचे असतात, परराष्ट्र धोरणाचा भाग असतो तो. शेजारी देशाला हसायला सोपं जातं, म्हणून लगेच मोपाची आठवण करून देतो. उत्तर गोव्यातल्या पठारावरच्या मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सुप्रीम कोर्टाने २९ मार्च २०१९ ला स्थगित केली, अभ्यास अपुरा म्हणून, आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. आज तिथून विमानं उडतात आणि आम्हीच त्यातून पुण्याला जातो. कोर्ट वेळ मिळवून देतं, पठार परत मिळवून देत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल मग हे करार म्हणजे नुसतं कागदी घोडं. माझ्या भावाचं हेच मत आहे, तो म्हणतो पक्ष्यांना काय माहीत कोणी कुठे सही केली. मला हे अर्धवट वाटतं. १९९६ च्या वेल्लोर खटल्यापासून आपली कोर्टं आंतरराष्ट्रीय पर्यावरण तत्त्वं इथल्या कायद्यात वाचत आलीत, आणि घटनेचं ५१ वं कलम आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखायला सांगतं. गावातल्या चार माणसांकडे पैसा नसतो, ओळख नसते, तेव्हा 'भारताने कबूल केलंय' एवढं एक वाक्य हातात असणं ही लहान गोष्ट नाही. सह्या होत्या म्हणून मी निदान त्या ऑफिसात जाऊन बसायचं धाडस केलं. पण वाक्य हातात असणं आणि त्या वाक्याला फाईलमध्ये जागा असणं ह्यात फरक आहे, आणि तो फरक ह्या 'परंतु यात समाविष्ट नाही' मध्ये आहे.

आता खरी अडचण, जी पक्षीप्रेमी लोक सहसा लिहीत नाहीत. समजा उद्या भातशेती वगळणारे ते शब्द काढून टाकले आणि आमचं शेत वेटलँड झालं. पहिला विरोध कोण करेल? बिल्डर नाही. आमच्या तळ्यावर मानस सांभाळणारे एक काका आहेत, सत्तरीच्या पुढचे, पाऊस ओसरला की मानशीच्या फळ्या बसवायचं काम अजून तेच करतात, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून एकेक फळी खाचेत सरकवायची आणि मधे चिखल आणि गवत ठासायचं. मी त्यांना मोबाइलवर रामसरची व्याख्या वाचून दाखवली, मराठीत समजावून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुज्या त्या करारांत आमचें नांव खंय आसा रे?" मग म्हणाले, आज म्हणतील पक्षी बघायला येतो, उद्या बोर्ड लावतील, परवा म्हणतील बैल घालू नको, तरवा लावू नको. आणि ती तुझी जांभळी पाणकोंबडी माझा तरवा मुळापासून उपटून खाते त्याची भरपाई कोण देतो?

ह्या प्रश्नांना मी उत्तर देऊ शकलो नाही. कारण त्यांची भीती खोटी नाही, आपल्याकडे संरक्षण म्हणजे अभयारण्य आणि अभयारण्य म्हणजे आधी माणसाला बाहेर काढा, असंच समीकरण लोकांनी बघितलंय. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ चं, पावणेदोन चौरस किलोमीटरचं खारफुटीचं जंगल, फेरीतून उतरलं की समोर, तिथे ते समीकरण चाललं कारण तिथे कुणी भात लावत नव्हतं. खाजनात ते चालणार नाही. बांध राखायचा माणूस काढून टाकलात तर दोन पावसात बांध फुटतो, खारं पाणी शिरतं, आणि गोड्या पाण्यावरची बदकं तुमच्या संरक्षित जागेवरून घिरटी मारून निघून जातात.

रामसर कराराला हे माहीत आहे, म्हणून त्यात 'सुज्ञ वापर' हा शब्द पहिल्यापासून आहे, वापर बंद करा असं तो म्हणत नाहीच. नियमात भातशेती वगळली ती शेतकऱ्याला त्रास नको म्हणून, असं त्याचं समर्थन केलं जातं, आणि ऐकायला बरं वाटतं. पण परिणाम बघा. शेतकऱ्याला शेती करायचं स्वातंत्र्य आधी होतंच, ह्या सवलतीने मोकळं रान मिळालं ते शेत बुजवणाऱ्याला. भात पिकवणारा आणि भाताच्या शेतावर व्हिला उठवणारा, दोघांनाही एकाच अपवादात बसवलं. गोव्यात झोन बदलायच्या कलमांवरून गेली काही वर्षं काय चाललंय, नगरनियोजन कायद्यातलं ३९-ए म्हटलं की गावात कसं वातावरण तापतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या निर्बंधांच्या, २०११ च्या अधिसूचनेत खाजनांसाठी गोव्याला खास कलम होतं, तरी भराव पडायचे थांबले का? आणि किनाऱ्यापासून आत असलेल्या गोड्या पाण्याच्या शेतांना तर तेवढंही नाही.

म्हणून माझी मागणी अशी की व्याख्येतून वगळायचंच असेल तर काम वगळा, जागा वगळू नका. नांगरणी, लावणी, मळणी, मासे धरणं, मीठ काढणं, हे सगळं चालू राहील असं नियमात स्वच्छ लिहा, त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही असंही लिहा, आणि मग म्हणा की ही जागा पाणथळच आहे, बुजवायची नाही. आणि दुसरं, पैसे. मानशीच्या फळ्यांचे, बांधाच्या मातीचे, आणि मार्चपर्यंत पाणी धरून ठेवायचे पैसे. सध्या मानशीत पैसा एकाच वाटेने येतो, मासळीच्या पावणीतून, म्हणजे लिलावातून. जो जास्त बोली लावतो तो मानस घेतो आणि मासे जास्त मिळावेत म्हणून कधी कधी नको तेव्हा खारं पाणी आत घेतो, शेत गेलं तरी त्याला काय. पाणी योग्य वेळी अडवणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही. तीस देशांच्या समन्वयासाठी ऑफिस असावं, जरूर असावं, परिषदा व्हाव्यात, पण त्या बजेटमधला एखादा दाणा फळी सरकवणाऱ्या हातापर्यंत यायला काय हरकत आहे? पक्षी सायबेरियातून निघतो तेव्हा तो काही देशाकडे बघून येत नाही, त्याला रात्री उतरायला वीतभर पाण्याचं एक ठराविक शेत लागतं, आणि ते शेत ह्या वर्षी भरलंय की नाही हे त्या काकांच्या गुडघ्यांवर ठरतं.

पैसे दिले की लोक आळशी होतात, पक्ष्यांच्या नावाने खोटी बिलं निघतात, असं एक मित्र म्हणाला. निघतील. रस्त्याच्या नावाने निघत नाहीत का? प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती कायद्याने आहे, नोंदवही आहे, बहुतेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली. दर वर्षी जानेवारीत त्याच समितीने तळ्यावर आणि शेतावर मोजणी करावी, शाळेतली पोरं घ्यावी बरोबर, आणि पाणी होतं की नाही ते लिहावं. पक्षी किती आले ते नको बघायला पैसे देताना, कारण पक्षी न येण्याचं कारण कझाकस्तानातही असू शकतं. पाणी होतं का, बस्स.

आमच्या भरावाचं काय झालं ते राहिलंच. नोटीस गेली, अर्धी माती उचलली, अर्धी तशीच आहे आणि तिच्यावर आता घाणेरी माजलीय. येत्या ग्रामसभेसाठी आम्ही चार-पाच जणांनी मिळून ठराव लिहिला. मी लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, 'मध्य आशियाई उड्डाणमार्गावरील स्थलांतरित पक्ष्यांच्या अधिवासाचे संरक्षण करण्यासाठी'. काकांनी पेन मागून घेतलं आणि ते खोडलं. त्यांच्या सांगण्यावरून आता पहिलं वाक्य आहे, 'मानशीच्या नव्या फळ्या चवथीच्या आधी आणून देणे, लाकूड माडाचे नको'. पक्षी चौथ्या नंबरवर गेलेत. मी म्हटलं निदान दुसऱ्यावर घेऊया, तर म्हणाले दुसरा बांधाचा आहे, तिसरा ते बेसिन उचलायचा.